'दीनबंधू'चे अंक कोठे आहेत?

मुंबईतल्या गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० साली 'दीनबंधू' हे साप्ताहिक मुंबईत चालवायला घेतले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने त्यांना ओढून नेईपर्यंत त्यांचे नाव या पत्राशी जोडलेले राहिले. आठवड्याला एक अंक धरला तर हा हिशोब आठशेच्या पुढे जातो. लोखंडे यांचे चरित्र लिहायला बसलेल्या माणसाला यांपैकी मोजकेच अंक पाहायला मिळतात आणि तेही एका ठिकाणी मिळत नाहीत. म्हणून तो मुंबईच्या पुराभिलेखागारात जातो आणि देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी अहवाल मागवतो. मुंबई इलाख्यातली वृत्तपत्रे काय लिहितात हे वरिष्ठांना कळावे म्हणून सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीत दर आठवड्याला निवडक मजकुराचा इंग्रजी सारांश तयार होत असे आणि १८६८ पासूनचे हे सारांश बऱ्यापैकी शाबूत राहिले आहेत. गिरणीतल्या मराठी माणसासाठी मराठीत लिहिणाऱ्या संपादकाचे म्हणणे आज त्याच्या मराठी चरित्रकाराला इंग्रजीतून, परक्या सरकारच्या भाषांतरकाराने आठ-दहा ओळींत आवळलेल्या रूपात वाचावे लागते आणि तेथून ते पुन्हा मराठीत आणावे लागते.

एका दैनिकाच्या संपादकीय विभागात बत्तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि गेली सहा वर्षे हेच काम करतो आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. वृत्तपत्रकाराचे चरित्र ही चरित्रकाराची खासगी आवड म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. ते ज्या साधनांवर उभे राहते ती साधने सार्वजनिक मालमत्ता आहेत, ती सांभाळणे आणि मागेल त्याला दाखवणे हे शासनाचे व ग्रंथालयांचे कर्तव्य आहे, आणि हे कर्तव्य आपण दीडशे वर्षे व्यक्तींच्या हौसेवर ढकलले आहे.

सारांश हाती असताना मूळ अंकासाठी अडून का बसावे, असे मला अनेकांनी विचारले. सरकारी भाषांतरकार जे उचलत असे ते सरकारला काळजीचे वाटेल तेवढेच. कारखान्यांचा कायदा, दुष्काळ, सारावसुली, दंगे यांवरचा मजकूर त्यात येतो. परंतु अंकातील जाहिराती, वाचकांची पत्रे, गावोगावच्या बातमीदारांचा मजकूर, वर्गणी पोचल्याची पोच, चुकीची दुरुस्ती यांतले काहीही त्यात येत नाही. चरित्रकाराला तर याचीच गरज असते. पोच छापलेल्या एका रकान्यावरून पत्र कोणत्या तालुक्यात जात होते, ते तलाठी वाचत होता की गिरणीतला जॉबर, म्हणजे मजूर भरणारा मुकादम, एका गावात दोन प्रती का जात होत्या, हे समजते. अग्रलेखाची भाषा वाकडी होती की नम्र, संपादक म्हण वापरत होता की संस्कृत वचन, हे सारांशातून कधीच कळणार नाही. मी आयुष्यभर इतरांच्या मजकुराची काटछाट केली आहे. काटछाटीत सर्वांत आधी माणसाचा आवाज जातो, हे मी जाणतो.

मूळ अंक नसले की चरित्राची जागा भाषण घेते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी मान्य केली. त्यामागे लोखंडे यांनी १८८४ पासून चालवलेली चळवळ होती. १८८४ च्या सप्टेंबरात परळला झालेल्या सभा, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज, आणि त्या अर्जातल्या रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, कामावर जखमी झाल्यास भरपाई या मागण्या हा भारतातल्या कामगार चळवळीचा आरंभीचा आणि फार मोलाचा दस्तऐवज आहे. व्यासपीठावरून मात्र याचे 'लोखंडे यांनी देशाला रविवारची सुट्टी दिली' असे एकच वाक्य होते. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. लोखंडे यांनी मिळवली ती गिरणीतल्या माणसाची सुट्टी, जी मिळणे फार अवघड होते आणि म्हणूनच ते यश मोठे आहे. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून त्यांनी तो मागितला, असेही नेहमी सांगितले जाते. हा युक्तिवाद त्यांनी केव्हा, कोणत्या शब्दांत आणि कोणापुढे मांडला हे त्या आठवड्यांचे अंक समोर असल्याशिवाय कोणत्याही चरित्रकाराने ठामपणे लिहू नये, असे मला वाटते. माझ्या हस्तलिखितात ते पान अजून कोरे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अडचणीच्या प्रसंगांची आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापली गेली आणि पुढची छापली गेली नाहीत. फुले यांनी याबद्दलची आपली नाराजी स्वतः लिहून ठेवली आहे आणि ती सौम्य नाही. ज्या दोन माणसांची नावे आपण एका श्वासात घेतो त्यांच्यातला हा मतभेद लोखंडे यांच्यावरच्या बहुतेक भाषणांतून गाळला जातो. लोखंडे यांना कायद्याची भीती वाटली, मुद्रणालयाची काळजी वाटली, की मजकूर आपल्या वाचकाला झेपणार नाही असे वाटले? वर्तमानपत्र चालवलेल्या माणसाला यातल्या प्रत्येक शक्यतेची किंमत कळते. छापखाना जप्त झाला तर पुढच्या आठवड्यात कामगाराच्या बाजूने बोलायला पत्रच उरत नाही, ही काळजी भेकडपणाची नसते, आणि तरीही फुले यांचा राग खोटा ठरत नाही. हा प्रसंग लोखंडे यांना लहान करत नाही. त्यातून ते हिशोब करणारे, चुकणारे, जबाबदारी वाहणारे संपादक म्हणून दिसतात. पण न्याय करायचा तर त्या महिन्यांतले अंक हवेत. ती दोन प्रकरणे कशी छापली गेली, सोबत संपादकाची टीप होती का, त्यानंतरच्या अंकात त्या जागी काय होते, हे पाहायला हवे.

असाच दुसरा प्रसंग १८८२ चा आहे. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली व त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तत्पूर्वी त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी, आणि सुटकेनंतर त्यांच्या स्वागतात फुले यांच्या सत्यशोधक समाजाची मंडळी पुढे होती. पुढच्या काळात ज्यांच्यात मोठी दरी पडली त्यांच्यात एका टप्प्यावर संपादक म्हणून असलेला हा बंधुभाव 'दीनबंधू'ने आपल्या वाचकांना कसा समजावून सांगितला असेल, हा प्रश्न मला अनेक रात्री झोपू देत नाही. 'केसरी'ची बाजू वाचायला मिळते, कारण 'केसरी'च्या फायली आहेत.

येथे मला कोणाला दोष द्यायचा नाही. ४ जानेवारी १८८१ पासूनचे आपले अंक 'केसरी'ने पुण्यात वाड्यातल्या ग्रंथालयात निगुतीने सांभाळले, ही अनुकरणीय गोष्ट आहे आणि त्याबद्दल प्रत्येक अभ्यासकाने कृतज्ञ असावे. परंतु परिणाम डोळ्यांआड करता येत नाही. ज्या पत्रामागे वाडा होता, संस्था होती, शिकलेला व स्थिर असा वर्ग होता, त्याचे अंक टिकले. ज्याचा संपादक गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी करून लिहीत होता आणि ज्याचा वाचक चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांसह राहत होता, त्याचे अंक रद्दीत गेले. अभ्यासक टिकलेल्या अंकांवर लिहितात, त्या लेखनावर पाठ्यपुस्तके तयार होतात, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांचा इतिहास म्हणून आपण प्रत्यक्षात टिकलेल्या वृत्तपत्रांचा इतिहास शिकवतो. जतनातली विषमता अशा रीतीने इतिहासातली विषमता होते, आणि मी सार्वजनिक प्रश्न म्हणतो तो हाच आहे.

आजवर हे काम कोणी केले, ते पाहावे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले आणि त्या दिवशी महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. त्यांचे विखुरलेले लेखन तीन खंडांत एकत्र आणले ते गणेश गंगाधर जांभेकर यांनी, १९५० साली. एवढे होऊनही बाळशास्त्रींचे जन्मवर्ष कोठे १८१० तर कोठे १८१२ छापले जाते आणि पत्रकार दिनाच्या अनेक लेखांत 'दर्पण'ची तारीखच त्यांची जन्मतारीख म्हणून दिलेली असते. मराठीत १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालये पालथी घालून केली. लोखंडे यांच्या कामगार चळवळीतील कार्याचा शोध मनोहर कदम यांनी घेतला नसता तर आज आपल्याकडे भाषणापुरताही मजकूर नसता. आणि तानुबाई बिर्जे? पती वासुदेवराव यांच्या मृत्यूनंतर १९०८ ते १९१२ या काळात त्यांनी 'दीनबंधू' संपादित केला. वृत्तपत्राचे संपादन करणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते, आणि तरीही पत्रकारितेच्या वर्गात बसलेल्या मुलींना मी त्यांचे नाव विचारले तेव्हा एकाही मुलीने ते ऐकलेले नव्हते. त्यांच्याबद्दल चार पाने लिहायची म्हटली तरी चार वर्षांचे अंक हवेत.

निवृत्त पत्रकाराने इतिहासाच्या प्रांतात शिरावे का, असा आक्षेप विद्यापीठातील काही मित्र घेतात आणि त्यात तथ्य आहे. आम्हांला घाईची सवय असते, एका साक्षीवर बातमी उभी करण्याची सवय असते, आणि ज्याच्याबद्दल लिहायचे त्याच्या प्रेमात पडण्याची तर फारच. मी स्वतः पहिल्या मसुद्यात 'दीनबंधू'तला निनावी मजकूर सरसकट लोखंडे यांच्या नावावर घातला होता. इतिहासाच्या एका प्राध्यापिकेने तो वाचून प्रत्येक उताऱ्यापुढे 'कशावरून?' असे लिहिले आणि मला अडीच प्रकरणे पुन्हा लिहावी लागली. पण याची दुसरी बाजूही आहे. अंक कसा तयार होतो हे आम्हांला हाताने ठाऊक असते. एखाद्या आठवड्याचा अग्रलेख अर्धाच का आहे, यामागे धोरण शोधण्यापूर्वी खिळे जुळवणारा आजारी होता का, कागद संपला होता का, शेवटच्या क्षणी जाहिरात आली होती का, हे प्रश्न आमच्या मनात येतात. बातमीदाराचे पत्र, दुसऱ्या पत्रातून घेतलेला उतारा आणि संपादकाचा स्वतःचा मजकूर यांतला फरक मांडणीवरून ओळखू येतो. अभ्यासक आणि पत्रकार दोघे एका टेबलावर बसले तर चरित्र चांगले होईल, आणि ते टेबल ग्रंथालयातच असू शकते.

त्या ग्रंथालयाचा अनुभव मात्र फार दुखावणारा आहे. एका जुन्या ग्रंथालयात माझ्या विषयाच्या काळातील मराठी साप्ताहिकांचे बांधीव खंड असल्याची नोंद मला सूचीत सापडली. मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा कपाटाची किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते, दुसऱ्यांदा समितीची परवानगी हवी असे सांगितले गेले, तिसऱ्यांदा परवानगी होती पण छायाचित्र घेण्यास मनाई होती, आणि चौथ्यांदा खंड उघडला तेव्हा कागदाचे तुकडे माझ्या मांडीवर पडले. वाळवीने मधला भाग नेला होता आणि उरलेल्या कागदाला घडीची रेघ सहन होत नव्हती. तेथील कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. तुटपुंज्या आणि उशिरा येणाऱ्या अनुदानात वीजबिल भरावे, वर्तमानपत्रे घ्यावीत की जुने खंड दुरुस्त करावेत, हा प्रश्न त्यांच्यावर टाकणेच चूक आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद आम्लामुळे आपोआप पिवळा पडतो आणि मोडतो. चिंध्यांपासून केलेला जुना कागद त्याहून टिकाऊ असतो. म्हणजे 'दर्पण'च्या काळातला अंक हाती धरता येतो आणि त्याच्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी छापलेला अंक धरता येत नाही, असे घडू शकते. बोटाने उलटता न येणारे पान छायाचित्रात मात्र उतरू शकते, आणि यासाठी आपल्याकडे फार वर्षे उरलेली नाहीत.

कायद्याचा विचार केला तर प्रती जमा करण्याची तरतूद जुनी आहे. छापखाने, वृत्तपत्रे आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा १८६७ चा. त्याचा रोख सरकारला माहिती असावी याकडे होता. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके देण्याचा कायदा १९५४ साली झाला आणि १९५६ साली वृत्तपत्रेही त्यात आली, म्हणजे 'दीनबंधू'सारख्या पत्रांच्या काळानंतर. १८६७ च्या कायद्याच्या जागी आता २०२३ चा नवा कायदा आला आहे. या सगळ्यांत प्रकाशकाने प्रत द्यावी असे म्हटले आहे, पण ती प्रत शंभर वर्षांनी वाचता येईल अशा अवस्थेत ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे सामान्य वाचकाला दिसेल अशा रीतीने कोठेच ठरलेले नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १८९७ साली गेलेल्या संपादकाच्या लेखनावर आज कोणाचाही हक्क नाही. तरीही त्या पानाचे छायाचित्र घेऊ न देणारे नियम संस्थांमध्ये आहेत, आणि ते कोणत्या अधिकाराने केले हे विचारले तर उत्तर मिळत नाही.

राज्याने काय करावे याबद्दल माझे म्हणणे साधे आहे. ज्या ग्रंथालयाला सार्वजनिक पैसा मिळतो त्याने आपल्याकडच्या १९५० पूर्वीच्या नियतकालिकांची अंकवार यादी जाहीर करावी, ही अनुदानाची अट असावी. आज कोणता अंक कोठे आहे हेच माहीत नसल्याने अर्धे आयुष्य प्रवासात जाते. स्वामित्वहक्क संपलेल्या पानांचे छायाचित्र विनामूल्य घेता यावे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ संगणकावर खुले करून मार्ग दाखवलेला आहेच, तो वृत्तपत्रांपर्यंत न्यावा, आणि ज्यांच्यामागे कोणतीही संस्था नाही अशा सत्यशोधक, कामगार आणि ग्रामीण पत्रांपासून सुरुवात करावी, कारण त्यांचे अंक सर्वांत आधी नष्ट होतील. ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्याची बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाची सन्मान योजना आहे आणि ती आवश्यक आहे, परंतु ती निर्वाहासाठी आहे. संशोधनाला वेगळी, मुदतीची शिष्यवृत्ती हवी आणि ती घेणाऱ्याने गोळा केलेली साधने सार्वजनिक संग्रहात जमा करणे बंधनकारक असावे. शाळांच्या छपरांना पैसा नसताना जुन्या कागदांवर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की त्या शाळेत लोखंडे यांच्याबद्दल कोणता धडा शिकवणार आहात, आणि तो कशाच्या आधारे लिहिणार आहात.

आता प्रचाराविषयी. पुस्तकाचा पहिला भाग छापून झाल्यावर मी ते पिशवीत घालून गावोगाव जाऊ लागलो तेव्हा काही सहकाऱ्यांना ते शोभले नाही. आपले पुस्तक आपणच विकत हिंडणे त्यांना कमीपणाचे वाटले. मला ते तसे वाटत नाही. लालबाग-परळच्या मंडळांत, तालुक्याच्या वाचनालयांत, माळी समाजाच्या मेळाव्यांत, शेतकऱ्यांच्या बैठकीत मी बोलतो, आणि बोलणे संपल्यावर श्रोत्यांतून जे पुढे येते ते कोणत्याही सूचीत नसते. कोणाच्या आजोबांची वही निघते, कोणाकडे सत्यशोधक पद्धतीने झालेल्या लग्नाची छापील पत्रिका असते, कोणाला आजीने सांगितलेले प्लेगच्या वर्षाचे बोलणे आठवते. ज्या वर्गाची कागदपत्रे संस्थांनी सांभाळली नाहीत त्यांची कागदपत्रे असलीच तर घरातल्या माळ्यावर असतात, आणि माळ्यापर्यंत पोचण्यासाठी त्या घरापर्यंत जावे लागते. माझ्या दृष्टीने पुस्तकाचा प्रसार हा संशोधनाचाच पुढचा टप्पा आहे.

दोन वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका वाचनालयात असेच बोलून झाल्यावर सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी थांबून राहिले. सगळे गेल्यावर त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. मला वाटले 'दीनबंधू'. ते 'दीनमित्र'चे अंक निघाले. 'दीनबंधू' सुरू करणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशके चालवलेल्या साप्ताहिकाचे एकोणीस अंक, काहींवर टपालाची वेष्टने तशीच. त्यांच्या वडिलांनी वर्गणी भरून घेतलेले आणि पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यात ठेवलेले, म्हणून धुराने काळवंडलेले पण कसर न लागलेले. ते म्हणाले, "दादा, हे तुम्ही न्या, पण कोणी मागितलं तर दाखवलं पाहिजे, कपाटात कोंडून ठेवायचं नाही." मी शब्द दिला. तेव्हापासून मी तीन संस्थांना पत्रे लिहिली की हे अंक विनामूल्य घ्या, नोंद करा आणि कोणीही मागितले तर दाखवले जातील एवढे लेखी द्या. तिघांनीही अंक घेण्याची तयारी दाखवली, लेखी देण्याची कोणी दाखवली नाही. ते एकोणीस अंक आज माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत, मलमलीत गुंडाळलेले आहेत. महिन्यातून एकदा मी ते सावलीत वारा लागेल असे पसरून ठेवतो, आणि पाहायला कोणी आले तर चहा देऊन दाखवतो. मला एकाहत्तरावे वर्ष लागले आहे.